हातातल्या बॅगेपुरतं

गणवेशातल्या माणसानं रेझरची दांडी फिरवली, वरची टोपी सुटली आणि आतलं पातं त्याच्या हातमोज्यातल्या बोटांत आलं. ‘ये नहीं जाएगा,’ तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. दिवसभर तेच ते सांगून माणसाचा आवाज सपाट होतो, तसा तो होता. पातं बाजूच्या डब्यात पडलं आणि टोपी, पट्टी, दांडी असे तीन तुकडे त्यानं ट्रेमधून परत पुढं सरकवले. म्हाळू कोळपे ते तुकडे घेऊन बाकापाशी उभा राहिला आणि एकेक जोडून दांडी घट्ट फिरवायला लागला, जणू आत पातं आहे आणि नीट बसलं नाही तर गाल कापेल. फिरवून झाल्यावर आपण काय करतोय ते त्याच्या ध्यानात आलं. पन्नाशी ओलांडल्यावर तो पहिल्यांदा विमानात बसत होता. पाण्याची बाटली नेऊ नका, असं जावयानं फोनवर सांगितलं होतं. पात्याचं त्याला सुचलं नसावं. जावई स्वतः दाढी राखून होता. काही फार झालं नव्हतं. एक पातं तर गेलं होतं. पण विमान वर चढलं, पुण्याच्या इमारती खाली वाकड्या झाल्या, तरी म्हाळूचा हात गालावरून फिरत होता. सकाळी दौंडला केलेली दाढी अजून गुळगुळीत होती, आणि उद्या सकाळी ती तशी नसणार, एवढीशी गोष्ट त्याच्या डोक्यातून जात नव्हती.

कुरकुंभला औषधाच्या कारखान्यात तो युटिलिटीला सुपरवायझर होता. बॉयलर, कॉम्प्रेसर, चिलर, शिफ्टची माणसं, हे सगळं त्याच्याकडं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सेफ्टीच्या साहेबानं सगळ्यांना ओळीत उभं करून गॅसचा मास्क कसा बसतो ते दाखवलं होतं. गालावर खुंट असले की मास्कची कड चिकटत नाही, बारीक फट राहते, आणि वायूला तेवढी फट पुरते. त्या दिवसापासून म्हाळूनं दाढी चुकवली नव्हती. पहिली पाळी असो, रात्रपाळी असो, सणाचा दिवस असो. मास्क घालायची वेळ इतक्या वर्षांत दोनचारदाच आली, पण गाल मात्र रोज तयार असायचे. शिवाय घरी अनिता होती. लग्नानंतरच्या दिवसांत एका दिवसाची दाढी तिच्या मानेला लागली की ती खांदा उचलून मान चोरायची आणि म्हणायची, ‘टोचतंय वो.’ त्यात तक्रार कमी आणि हसू जास्त असायचं. म्हणजे कारखान्यासाठी आणि बायकोसाठी असे मिळून ते गाल होते. आरशात बघताना त्याला ते कधी आपले एकट्याचे वाटले नव्हते.

बंगळूरला लेकीच्या फ्लॅटमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाथरूममधून तसाच बाहेर आला, हातात रिकामा रेझर. अनिता बाळाला मांडीवर उताणं घालून तेल लावत होती. रुद्र पाय झाडत होता. लेकीच्या, प्रगतीच्या, बाळंतपणाला म्हणून अनिता इकडं आली होती. बाळंतपण झालं, सव्वा महिना झाला, मग तीन महिने, मग प्रगतीची नोकरी परत सुरू झाली आणि बाळाला बघायला कोणी हवं म्हणून अनिता राहिली. आता बाळ रांगायला लागलं होतं. म्हाळूनं गालावर हात फिरवत पात्याची हकीकत सांगितली. त्याला वाटलं होतं ती हसेल, नाहीतर जावयाचं काही मिळतंय का बघते म्हणेल. तिनं वर बघितलं, नजर त्याच्या गालावर क्षणभर टेकली आणि परत बाळाच्या पोटावर गेली.

‘असू द्या की. दोन दिवसांचा तर प्रश्न हाय. हितं कोण बघतंय?’

तिच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. ती आतल्या खोलीत बाळाजवळ झोपत होती आणि तो बाहेर हॉलमध्ये सोफ्यावर. खुंट कुणाला टोचणार नव्हते. दोन दिवस तो त्या घरात पाहुण्यासारखा जपून वावरला, पाणी सुद्धा मागून प्यायला, आणि परतताना विमानात गालाला हात लावला तेव्हा हाताला दुसऱ्याच कुणाचा तरी गाल लागला.

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी तो जात राहिला. शनिवारी जायचं, सोमवारच्या पाळीला परत. तिकीट जावई, संघर्ष, काढून पाठवायचा. फक्त हातातल्या बॅगेचं, सात किलोचं. माणूस दोन दिवसांना जातोय, त्याला अजून काय लागतं? त्याला काही लागत नव्हतंच. अनिताला लागत होतं. पहिल्यांदा तिनं गुडघ्याचा पट्टा मागवला आणि जुना चष्मा. मग सुती लुगडी, घरी नेसायची. मग तिनं शिवलेली गोधडी, कारण इकडच्या दुलईत तिला झोप येत नव्हती. गोधडीनं बॅग भरली, म्हणून म्हाळूनं स्वतःचा जादा शर्ट काढून ठेवला आणि अंगावरच्या कपड्यांवर दोन दिवस काढले. मग काळा मसाला, मग भिंतीवरचा तिच्या आईवडलांचा फोटो, रुमालात गुंडाळून. दर वेळी तो कपाट उघडायचा, तिनं फोनवर सांगितलेली वस्तू काढायचा, आणि कपाटात तेवढी जागा तशीच उघडी राहायची. त्यानं ती भरली नाही. भरायला त्याच्याकडं काही नव्हतं. त्याचं स्वतःचं सामान आक्रसत आक्रसत एका कप्प्यात मावायला लागलं: टॉवेल, बनियन, दाढीचं सामान. दाढीचं मात्र जमत नव्हतं. एकदा तिथल्या दुकानातून फेकायचा प्लॅस्टिकचा रेझर आणला, त्यानं हनुवटीखाली दोन ठिकाणी रक्त काढलं. एकदा दाढी केलीच नाही, तर सोमवारी कामावर शिफ्टची पोरं म्हणाली, ‘काय साहेब, तब्येत बरी न्हाई का?’

दुसऱ्या कुणाला हे सांगितलं असतं तर तो हसला असता, पण म्हाळू कामावर, पुण्याला जाताना डेमू गाडीत, अंथरुणात रेझरचा विचार करायला लागला. आत पातं दिसणार नाही असा हवा. हलका हवा. हाताला भरीव हवा, नाहीतर गालाला अंदाज येत नाही. गोपाळवाडी रस्त्याला त्याचं दोन खोल्यांचं घर होतं, स्वतः बांधलेलं. शेजारच्या सिंधूबाई सांजच्याला डबा आणून द्यायच्या आणि दारातूनच जायच्या, एकट्या पुरुषाच्या घरात कशाला यायचं म्हणून. जेवून झाल्यावर घरात जंक्शनचे आवाज यायचे, इंजिन बदलल्याचे, डबे आपटल्याचे. ते आवाज आधीही येत असणार. मग प्रगतीचा फोन यायचा, बाळ दाखवायला, आणि त्या चौकटीत मागं कुठं तरी अनिताची पाठ दिसायची, नाहीतर हात.

असाच फोन चालू असताना प्रगती म्हणाली, ‘बाबा, तुम्ही दरवेळी ते दाढीचं ओझं कशाला वागवता? एक रेझर इथंच ठेवा ना. आईनं तुमच्यासाठी बाथरूममधला एक कप्पा रिकामा केलाय. तेवढीच बॅगेत जागा होईल.’

‘बॅगेत जागा कशाला?’

‘आईला देवाचे टाक हवेत. येताना आणाल का? आम्ही इथं देव्हारा घेतलाय छोटा. ती म्हणते, देवाशिवाय घर घरासारखं वाटत नाही.’

म्हाळू ‘बरं’ म्हणाला. फोन ठेवल्यावर तो देव्हाऱ्यापुढं जाऊन उभा राहिला. खंडोबाचा टाक, बिरोबाचा, म्हसोबाचा, झिजून गुळगुळीत झालेले. मुठीत मावतील एवढे. सात किलोत त्यांचं वजन धरायला सुद्धा नको. तरी त्याला वाटलं की हे उचलले तर मागं जे राहील त्याला पत्ता असेल, कुलूप असेल, वीजबिल येईल, पण घर म्हणता येणार नाही. आणि ते उचलून न्यायचं कुणी, तर त्यानंच. इतके दिवस तो गोधडी, लुगडी, फोटो नेत होता, तेव्हा ते त्याला कळलं नव्हतं. कळलं होतं, पण त्यानं आपलं लक्ष गालाकडं लावून ठेवलं होतं.

रविवारी तो एसटीनं शिरूरला गेला, पाशाकडं. पाशा शेख त्याचा शाळेतला सोबती. बाजारपेठेत त्याचं जनरल स्टोअर होतं, बांगड्यांपासून बॅटरीपर्यंत सगळं. दौंडला दुकानं नव्हती असं नाही. पण म्हाळूला कुणाशी तरी बोलत घ्यायचा होता. भीमा ओलांडून गाडी उसाच्या ट्रॉल्यांमागं रखडत चालली होती आणि खिडकीबाहेर एका पडीक रानात मेंढरं बसवलेली दिसली, जाळीचं कुंपण, बाजूला एक घोडं. आता अशी घरं थोडी राहिली. म्हाळूचा बा असाच फिरायचा. दिवाळी झाली की मेंढरं-माणसांचा सगळा वाडा निघायचा आणि निघायच्या सकाळी आई एकेक जिन्नस पुढं आणून ठेवायची, बा घोड्याकडं बघायचा आणि म्हणायचा, ‘घोड्याला पेलंल तेवढाच संसार.’ पीठ, तवा, कोकरं, लहान पोरं घोड्यावर. बाकीचं मागं. म्हाळू शाळेत हुशार निघाला म्हणून एका वर्षी तो मागं राहिला, शिरूरला मामाकडं. वाडा घोडनदीच्या वाळूतून पार होईपर्यंत तो काठावर उभा होता. त्याला रडू आलं नव्हतं. फक्त असं वाटलं होतं की घोड्यावर अजून थोडी जागा होती. बाजवळ रेझर नव्हता, कधीच नव्हता. ज्या गावच्या शिवारात वाडा, त्या गावचा न्हावी. बा झाडाखाली उकिडवा बसायचा, मान वर करायचा आणि कुणाही अनोळखी माणसाच्या वस्तऱ्याखाली डोळे मिटून घ्यायचा. म्हाळूला त्याचं नवल वाटायचं. शेवटच्या दुखण्यात शिरूरच्या दवाखान्यात म्हाळूनंच त्याची दाढी केली होती. तेव्हाही बानं डोळे असेच मिटले होते, हा आपला पोरगा की परका, याचं त्याला काही नसल्यासारखे.

पाशानं त्याचं म्हणणं ऐकून घेतलं आणि काउंटरवर एकेक मांडलं. स्वतःच्या मेंदी लावलेल्या दाढीतून हात फिरवत तो म्हणाला, ‘मला काय इचारतो म्हाळ्या? मी जवान हुतो तवापासून गालाला पातं लावलं न्हाई. ह्यो फेकायचा घे. गेला तर गेला.’

‘त्यानं कापतं.’

‘मग ही चार्जिंगची मशीन. पोरं हीच घेत्यात.’

‘तिनं साफ हुत न्हाई. मास्क बसत न्हाई.’

‘अरं, बायकोकडं चाललाय का गॅस लीक बघाया?’ पाशा हसला. म्हाळूही हसला, पण थोडा उशिरा, आणि पाशाच्या ते नजरेत आलं. त्यानं मागच्या फळीवरून एक पुठ्ठ्याच्या वेष्टणातला रेझर काढला. पुढं तीन पात्यांचं बंद डोकं, दांडी धातूची, जड नाही पण भरीव. ‘ह्यो जातो इमानात. सद्दाम गेला व्हता ना दिल्लीला, ह्योच व्हता त्याच्याकडं.’ सद्दाम पाशाचा मुलगा. म्हाळूनं रेझर तळहातावर तोलला. मिळाला. इतके दिवस शोधत होता तो हाच, यात शंका नव्हती. आणि मिळाल्याबरोबर त्याला एकदम ओकंबोकं वाटलं, कारण आता विचार करायला रेझर राहिला नव्हता.

आतून पाशाची बायको मदिना चहा घेऊन आली. दुकानाचा मागचा दरवाजा घरातच उघडत होता. ‘भावजी, अनिता कवा येणार वो? ईदला बी न्हाई आली. शेवया ठेवल्या हुत्या तिच्यासाठनं.’

‘येईल,’ म्हाळू म्हणाला. ‘बाळ लहान हाय अजून.’

मदिनानं नुसती बशी त्याच्याजवळ सरकवली. पाशानं रेझर कागदात गुंडाळला, परत उलगडला, परत गुंडाळला. मग हळू आवाजात म्हणाला, ‘तू तिला इचारलंस का?’

‘काय?’

‘येणार हाय का, म्हणून.’

म्हाळूनं चहा पिऊन टाकला. जीभ पोळली. ‘ह्यात काय इचारायचं?’ तो म्हणाला. एसटीत बसल्यावर त्याला दिसलं की दीड वर्षात त्यानं अनिताला गुडघा कसा आहे विचारलं होतं, पाऊस आहे का विचारलं होतं, काय आणू विचारलं होतं. हे मात्र नाही.

पुढच्या खेपेला बॅग यंत्रातून बिनबोभाट गेली. बंगळूरला शनिवारी त्यानं नव्या रेझरनं दाढी केली. छान झाली. रक्त नाही, खुंट नाही. बाथरूममध्ये आरशाखाली एक कप्पा खरंच रिकामा होता, पुसून ठेवलेला, त्यात कोरा नॅपकिन घातलेला. त्याच्या शेजारच्या कप्प्यात अनिताची तेलाची बाटली, फणी, टिकल्यांचं पाकीट, अगदी रुळलेलं. म्हाळू रेझर धुऊन बाहेर आला. प्रगती आणि संघर्ष बाळाला घेऊन बाजारात गेले होते. अनिता गॅलरीत बाळाचे कपडे वाळत घालत होती.

‘टाक आणले का?’ तिनं पाठमोरं विचारलं.

‘न्हाई.’

‘इसरला?’

‘इसरलो न्हाई.’ तो दारात उभा राहिला. खाली कुणाची तरी गाडी मागं घेताना शिट्ट्या वाजत होत्या. ‘अनिता, तू येणार हाईस का दौंडला?’

तिनं एक लहानसं झबलं झटकलं, दोरीवर टाकलं, चिमटा लावला. मग आणखी एक.

‘न्हाई,’ ती म्हणाली. मग वळली. तिचा चेहरा रागावलेला नव्हता. उलट कितीतरी दिवस धरून ठेवलेलं ओझं खाली ठेवलेल्या माणसासारखा होता. ‘तुमच्यावं राग न्हाई. तुम्ही कवा हात उगारला न्हाई, कवा उपाशी ठेवलं न्हाई. पर त्या घरात मला परत न्हाई बसायचं.’

‘घरानं काय केलं?’

‘कायच न्हाई केलं. तेच. तुम्ही पाळीला गेला की मी आन् भिंती. प्रगती शाळेत व्हती तवर बरं व्हतं. ती हॉस्टेलला गेली आन् मग... तुम्ही रात्रपाळी करून यायचा, दिवसा झोपायचा. मी भांडं वाजू द्यायची न्हाई, तुमची झोप मोडंल म्हणून. दुपारी बोलायला कोण न्हाई. मला कदी कदी वाटायचं, माजा आवाजच गेलाय. म्हणून मी न्हाणीत जाऊन उगी बोलून बघायची.’ ती थांबली. ‘तुम्हाला आता दीड वरीस झालं एकलं ऱ्हाऊन. कसं वाटतं ते कळलं असंल.’

म्हाळूला बोलायचं होतं. मी घर बांधलं, नोकरी केली, तूच कधी बोलली नाहीस, असं बरंच काही तोंडापर्यंत आलं आणि ते सगळं खरंही होतं. पण न्हाणीत बोलून बघणारी बाई त्याला दिसली, त्याच घरात, तो पलीकडच्या खोलीत पांघरूण डोक्यावरून घेऊन झोपलेला असताना.

‘तुम्ही या की हिकडं,’ ती जरा मऊ होऊन म्हणाली. ‘रिटायर झाल्यावं.’

‘हितं मी काय करू?’

‘मी तिथं काय करत व्हते?’ ती म्हणाली आणि बादली उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी निघताना त्यानं रेझर त्या कप्प्यात ठेवला. ठरवून ठेवला असं नाही. हात कप्प्याकडं गेला, तिथं तो नॅपकिन होता आणि त्याच्यावर तो रेझर शोभून दिसला, म्हणून मागं घ्यावासा वाटला नाही. अनिता दारापर्यंत आली. बाळाचा हात धरून तिनं तो हलवला. ‘आजोबांना टाटा कर.’ ती बाळाकडं बघून बोलली की आपल्याकडं, ते त्याला कळलं नाही.

सोमवारी पाळी करून आल्यावर त्यानं मंगळवारची रजा टाकली. काम काही नव्हतं. सकाळी उठला, चहा केला, आंघोळ केली, देवापुढं दिवा लावला आणि मग हॉलमध्ये भिंतीला टेकून अनिता बसायची तिथं बसला. टीव्ही लावला नाही. फोन स्वयंपाकघरात ठेवला. थोड्या वेळानं त्याला वाटलं दुपार झाली असेल. घड्याळात बघितलं तर सकाळचीच वेळ होती. दूधवाला कधीच येऊन गेला होता. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, त्याचा आवाज लांब जाईपर्यंत म्हाळू ऐकत राहिला, तो संपला तेव्हा वाईट वाटलं. खिडकीतून ऊन आत आलं, फरशीच्या एका चौकोनावर बसलं आणि इतकं हळू सरकायला लागलं की बघणाऱ्याला भोवळ यावी. नळाला पाणी आलं, गेलं. लांब कुठंतरी गाडीनं शिट्टी दिली. सिंधूबाईंच्या दारात कुणी हसलं, तर तो उठून दारापर्यंत गेला, पण हसणं संपलं होतं. त्यानं भात लावला, जेवला, ताट धुतलं, परत बसला. आत झोपलेलं कुणी नव्हतं, तरी ताट ठेवताना त्यानं ते हलकेच ठेवलं, आणि मग तसाच ओट्यापाशी उभा राहिला. अनिताला जपायला निदान त्याची झोप होती. का त्या झोपेनं तिचा दिवस आणखीच जड होत होता? त्याला ठरवता येईना. दुपार कलली नाही. दुपार नुसती तिथं होती, छातीवर हात ठेवून उभी असल्यासारखी. एकदा त्यानं खाकरून पाहिलं. घरात आवाज झाला आणि विरला. मग त्यानं ‘अनिता’ असं म्हणून पाहिलं, मोठ्यानं नाही, बोलल्यासारखं. त्याचे कान गरम झाले.

ऊन भिंतीवर चढून पिवळं झालं तेव्हा त्यानं स्वयंपाकघरातला फोन घेतला. प्रगतीला नाही, अनिताच्या नंबरवर लावला. एरवी तो तसा लावत नसे. तिनं घाईनं उचलला.

‘काय वो? बरं हाय ना?’

‘बरं हाय. रजा टाकली व्हती आज. दिवसभर घरीच बसलो व्हतो.’

‘कशापायी?’

‘असंच. तू बसायची तिथं.’

पलीकडं बाळाचं खेळणं वाजलं, बंद पडलं. म्हाळूला तिचा श्वास ऐकू येत होता.

‘लई मोठा असतो गं दिवस,’ तो म्हणाला.

‘व्हय,’ ती म्हणाली. आणि परत म्हणाली, ‘व्हय.’ मग बाळ रडायला लागलं आणि ती ‘आले, आले’ म्हणत उठली. फोन मात्र तिनं बंद केला नाही. तसाच कुठंतरी, बहुधा ओट्यावर, ठेवून दिला. म्हाळू भिंतीला टेकून तो कानाशी धरून बसला. नळ सुटल्याचा आवाज आला, वाटी ठेवल्याचा, बाळाला समजावत ती इकडून तिकडं जात असल्याचा. ती काय बोलतेय ते नीट कळत नव्हतं. अंधार पडायला लागला तरी तो दिवा लावायला उठला नाही, ऐकत राहिला.